घरातल्या छोट्या रेल्वेचा फोटो काढताना: अठरा मिलिमीटरवरून बघा

लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली छोटी रेल्वे, समोर बसून तासभर बघितला तरी काही खटकत नाही. गाडी फिरते, सिग्नल लागतो, मजा येते. तोच लेआउट फोटोत मात्र खेळणं दिसतो. याचं कारण साधं आहे. डोळा पुष्कळ सांभाळून घेतो, कॅमेरा काहीच सांभाळून घेत नाही. गाडीवरची धूळ, इंजिनापुढचा प्लास्टिकचा हूक, मागे दिसणारा स्विचबोर्ड हे सगळं तो इमानदारीत टिपतो.

कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून घरी एक पाट, एक वर्तुळ आणि दोन डबे अशी सुरुवात करणारे पुण्यात थोडे नाहीत. पुढची सगळी मापं एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणातली आहेत. एन स्केल (१:१६०) वाल्यांनी ती साधारण अर्धी धरावीत.

१. आधी उंची ठरवा

फोटो बिघडण्याचं पहिलं कारण उंची. टेबलापासून अर्धा मीटर वर धरलेला फोन म्हणजे ८७ च्या हिशेबाने साडेत्रेचाळीस मीटर. चौदा मजली इमारतीच्या गच्चीवरून कुणी डेक्कन क्वीनचा फोटो काढतं का?

रुळाशेजारी उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.६ मीटरवर असतात. मॉडेलमध्ये ते झाले १८ मिलिमीटर. भारतातला उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ८४ सेंटिमीटरपर्यंत असतो, म्हणून फलाटावरून बघणारी नजर रुळापासून साधारण २८ मिलिमीटरवर येते. पादचारी पुलावरचा माणूस नऊ-दहा सेंटिमीटरवर. ही तीन मापं एका कागदाच्या पट्टीवर पेनाने आखून ठेवा आणि दर फोटोआधी पट्टी लेन्सशेजारी उभी धरा. लेन्सचा मध्य यांतल्या एका खुणेवर आला पाहिजे. अधलीमधली उंची कुणाच्याच नजरेची नसते.

फोनची लेन्स वरच्या कोपऱ्यात असल्याने तो सरळ उभा केला तर ती बारा-चौदा सेंटिमीटर वर जाते. म्हणून फोन उलटा करा. आडवा फोटो हवा असेल तर लेन्स खालच्या कोपऱ्यात येईल अशा बाजूने आडवा ठेवा. फोटो आपोआप सुलटा होतो. कव्हर काढायला विसरू नका. तीन मिलिमीटरचं कव्हर म्हणजे लेआउटच्या जगात पाव मीटर. टेकू म्हणून जुन्या रुमालात दोनशे ग्रॅम मूग बांधून पुरचुंडी करा. फोन तिच्यात रुतून बसतो, आणि जिथे ट्रायपॉडचे पाय मावत नाहीत तिथे, म्हणजे दोन रुळांच्या मधे, पुरचुंडी मावते.

२. झाडलोट

०.३ मिलिमीटरचा धुळीचा कण फोटोत अडीच सेंटिमीटरचा दगड होतो. डोक्याचा केस पेन्सिलीएवढा जाड दोर होतो. त्यामुळे फडकं वापरायचंच नाही, कारण त्याचे धागे सुटतात. मऊ मेकअप ब्रश आणि रबरी ब्लोअर घ्या आणि वरून खाली या: आधी झाडं, मग छपरं, मग गाडी, शेवटी रूळ. उलट क्रमाने केलं तर पुसलेल्या रुळावर छपराची धूळ पडते.

रुळाचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशपेपर लावू नका. त्याने पडलेल्या बारीक चऱ्यांमध्ये काजळी भरते आणि पुढच्या आठवड्यात रूळ पहिल्यापेक्षा काळा होतो. माथा चकचकीत हवाच, कारण खऱ्या रुळाचाही चाकांनी घासून चमकतो. बाजू मात्र चमकता कामा नयेत. तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंगात थोडा पिवळसर मातकट रंग मिसळून बारीक ब्रशने रुळाच्या दोन्ही बाजू रंगवा आणि ओला असतानाच माथ्यावरचा रंग पुसून घ्या. सगळ्यात कमी खर्चात फोटोत सगळ्यात जास्त फरक या कामाने पडतो. यानंतर कोड १०० चा (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत रुळाची उंची) अडीच मिलिमीटर उंच रूळही तेवढा जाड वाटत नाही. आपल्या मीटरला ६० किलो वजनाच्या खऱ्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये दोनच मिलिमीटर. त्यामुळे कोड ८३ जवळचा, पण आहे ते उखडण्याची गरज नाही.

खडीचंही माप बघा. भारतीय रेल्वेची मोठ्यातली मोठी खडी ६५ मिलिमीटरची, म्हणजे एचओमध्ये पाऊण मिलिमीटर. बांधकामाची क्रश सँड चहाच्या गाळणीतून चाळली की हे माप मिळतं आणि रंगही आपल्या काळ्या दगडाचाच असतो. गाळणीतून पडलेली ही खडी धुऊन घ्या. सुकल्यावर कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून फिरवा. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि त्याचे कण इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले गेले की मोटर अडखळते. चिकटवायला एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. लिक्विड नसेल तर पाणी खडीवर मण्यांसारखं गोळा होतं आणि खडी जागची हलते.

३. गाडी लावताना

फोटोसाठी उभी केलेली गाडी नुसती रुळावर असून भागत नाही. बघणाऱ्यांत एखादा तरी लोणावळा लोकलने रोज जाणारा निघतोच, आणि त्याची नजर कॅमेऱ्याइतकीच निर्दय असते.

दुहेरी मार्गावर आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात. परदेशी लेआउट बघून मांडणी केलेली असेल तर ती बरेचदा उजवीकडची निघते. शेवटच्या डब्याच्या पाठीवर पिवळी फुली हवी. ती नसेल तर गाडी मधेच तुटून मागे राहिलीय असा अर्थ होतो. दोन पँटोग्राफचं (छपरावरून तारेला टेकून वीज घेणारा सांगाडा) विजेचं इंजिन असेल तर साधारणपणे मागचा वर, पुढचा खाली. ओव्हरहेड वायर रुळापासून सुमारे ६३ मिलिमीटरवर धरा (खरी साडेपाच मीटरच्या आसपास असते). सिग्नल ओलांडून इंजिन पुढे गेलं असेल तर तो सिग्नल लाल दिसला पाहिजे, हिरवा नव्हे. इंजिनाच्या पुढच्या तोंडाचं मॉडेलचं कपलिंग (डबे जोडायचा हूक) फोटोपुरतं काढून ठेवा. ते बहुतेक इंजिनांत ओढून किंवा एका स्क्रूने निघतं.

घाटाचा देखावा असेल तर गाडीच्या मागे लावलेली इंजिनं चूक नाहीत. भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर वर, आणि १८६३ पासून आजपर्यंत तो तसाच इंजिनांचा घाम काढतोय. कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात आणि गाडी लोणावळ्यापर्यंत ढकलतात. फोटोत मागे इंजिन दाखवलंत तर फोटोखालच्या ओळीत लिहून टाका, नाहीतर कुणीतरी चूक काढायला येतोच.

आता वळण. आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) बनावटीचा डबा बफरपासून बफरपर्यंत, म्हणजे दोन्ही टोकांच्या धक्का झेलणाऱ्या गोल चकत्यांसकट, २२.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २५६ मिलिमीटर. घरातलं वळण बहुधा ३७१ किंवा ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं. इतका लांब डबा इतक्या आखूड वळणावर गेला की बाहेरच्या बाजूने दोन डब्यांमध्ये मोठी फट पडते आणि फोटोची वाट लागते. त्याच वळणाच्या आतल्या बाजूने फोटो काढा. तिथे डब्यांचे कोपरे एकमेकांजवळ येतात, फट झाकली जाते आणि गाडी लांबलचक वाटते. वर्तुळाच्या मधे कॅमेरा ठेवायला जागा नसेल तर तिथलं झाड उपटा, फोटोनंतर परत लावा.

आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचं. ते एचओमध्ये १९ मिलिमीटरहून थोडं जास्त व्हायला हवं, पण बाजारातला रूळ १६.५ चाच. अगदी समोरून काढलेल्या फोटोत हा अरुंदपणा उघडा पडतो. तीस-चाळीस अंश बाजूला सरका, कुणाच्या लक्षातही येत नाही.

४. एक सूर्य, एक सावली

सूर्य एकच असतो. दोन दिवे लावले की सिग्नलच्या खांबाला दोन सावल्या पडतात आणि बघणारा न सांगता ओळखतो की हे घरातलं आहे. खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच एलईडी घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप) १२ वॅटचा मागा, कारण साध्या बल्बखाली डब्याचा लाल रंग विटकरी दिसतो. दिवा लेआउटपासून किमान दोन मीटर लांब हवा. तीस सेंटिमीटरवर ठेवला तर सावल्या पंख्याच्या पात्यांसारख्या पसरतात. खऱ्या उन्हात त्या समांतर असतात. सावलीची बाजू फारच काळी पडली तर पांढरा थर्माकोल विरुद्ध बाजूला, चौकटीच्या बाहेर उभा करा.

ऋतूचाही विचार करा. हिरवंगार गवत आणि कडक ऊन असा जुलै आपल्याकडे क्वचितच असतो. पावसाळी देखाव्याला दिवा छताकडे वळवा, म्हणजे परतलेला उजेड ढगाळ वाटतो आणि सावल्या विरघळतात. थेट बल्ब हवा असेल तर गवत पेंढ्याच्या रंगाचं हवं. दिवाळीनंतर खंडाळ्याच्या डोंगराचा रंग तोच असतो. तयार मिळणारं परदेशी गवत युरोपातल्या वसंताचं असतं. त्यात निम्मं पिवळसर मिसळल्याशिवाय सह्याद्री दिसत नाही.

देखावा लहान, साठ बाय तीस सेंटिमीटरच्या फळीवर असेल तर सगळ्यात चांगला दिवा बाल्कनीत फुकट आहे. हिवाळ्यात सकाळी साडेआठ-नऊचं तिरकं ऊन घ्या. एप्रिलमध्ये मात्र दहा मिनिटांत उरका, पातळ प्लास्टिकची छपरं उन्हाने वाकतात.

मागे आकाश हवं. पाच मिलिमीटरचं सनबोर्ड (हलकी फोमची पाटी) पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतं. त्यावर वर निळा आणि क्षितिजाकडे जवळजवळ पांढरा असा मॅट रंग द्या. देखाव्यापासून ते पंधरा-वीस सेंटिमीटर मागे ठेवा, नाहीतर झाडाची सावली आकाशावर पडते. आकाशावर झाडाची सावली हा या छंदातला सगळ्यात नेहमीचा विनोद आहे.

५. आता फोटो

पंखा बंद करा. गवत हलतं, वायर हलते, आणि शटर उघडं ठेवायचा वेळ दोन-तीन सेकंदांचा असतो.

फोनवर प्रो मोड, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स हाताने ठरवलेला आणि दोन सेकंदांचा टायमर. जवळ गेल्यावर बरेच फोन आपणहून वाइड लेन्सवर उडी मारतात. तो ऑटो मॅक्रो बंद करा, कारण वाइडमध्ये इंजिनाचं नाक फुगतं आणि डबे आक्रसतात. त्यापेक्षा तीस-चाळीस सेंटिमीटर मागे जाऊन दुप्पट झूम बरा. एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले तर शटर फार जलद आहे, ते किमान १/५० सेकंद उघडं ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो.

कॅमेरा असेल तर एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तसं छिद्र लहान) वर थांबा. एफ/२२ ने पुढपासून मागपर्यंतचं जास्त स्पष्ट येतं खरं, पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. इंजिनापासून आकाशापर्यंत सगळं स्पष्ट हवं, कारण मागचं धूसर झालं की वस्तू छोटी आहे हे मेंदू लगेच ओळखतो. त्यासाठी फोकस स्टॅकिंग: कॅमेरा न हलवता फोकस बफरवर ठेवून पहिला फोटो, मग थोडा थोडा मागे सरकवत सहा ते आठ. मग हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपमध्ये ते एकत्र करा. फोकस बदलताना चौकट किंचित लहानमोठी होते, त्यामुळे कडेला दहा टक्के जागा मोकळी सोडा. फोटो जोडल्यावर इंजिनाच्या कडेने धूसर झालर दिसली तर मधला एखादा टप्पा राहिलाय. परत काढा, एडिटिंगमध्ये ती पुसत बसू नका.

व्हिडिओ काढायचा तर वेग मोजा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे एचओमध्ये सेकंदाला १९ सेंटिमीटर, एक मीटर जायला सव्वापाच सेकंद. घाटात ३० चा वेग धरलात तर साडेदहा. बहुतेक व्हिडिओंत गाडी याच्या तिप्पट पळते आणि तिथेच सगळी मेहनत वाया जाते.

६. पाठवण्यापूर्वी

टेबलाची कड आणि स्विचबोर्ड कापा. खोटा धूर घालू नका, तो कधीच खरा वाटत नाही, डिझेलच्या इंजिनावर तर नाहीच. फोटोतलं लोकेशन काढून टाका. महागड्या इंजिनांचा ताफा आणि घराचा नेमका पत्ता एकाच फाइलमध्ये पाठवण्यात शहाणपणा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि रुळाशेजारची खडी चिखल होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

खाली दोन ओळी लिहा: स्केल, रुळाचा कोड, वळणाची त्रिज्या, काय विकतचं, काय हाताने केलेलं. आणि सोबत दुसरा फोटो जोडा, वरून काढलेला. त्यात टेबल, वायरी, ट्रान्सफॉर्मर, कोपऱ्यातला फेविकॉलचा डबा सगळं दिसू द्या. पहिल्या फोटोला लोक वाहवा देतात, पण प्रश्न विचारतात ते या दुसऱ्याबद्दल.