डॉक्टरांकडे जाताना वही घेऊन जा

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत मी एकवीस वर्षं हिशेब लिहिते. सौदा झाला की पोती, वजन, दर, हमाली, तोलाई पट्टीवर उतरवायची आणि पट्टी शेतकऱ्याच्या हातात द्यायची, हे माझं काम. मागच्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, वाळवा तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पट्टी माझ्यासमोर परत ठेवली. "ताई, पोती तेवीस हायती. तुम्ही बत्तीस लिवलंय." चूक त्याच्याच फायद्याची होती, तरी त्यानं सांगितली. मी पट्टी फाडली, दुसरी लिहायला घेतली आणि हात जागीच थांबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना. तो बिचारा घाबरून गेला. "ऱ्हाऊ द्या ताई, चुकतंय माणूस," म्हणत स्वतःच माठातलं पाणी घेऊन आला.

तेव्हा मी ४६ वर्षांची होते. त्याआधीचं वर्षभर पाळी कधी बावीस दिवसांनी यायची, कधी पन्नास. आली की आठ-नऊ दिवस हलायची नाही. रात्री तीनला जाग यायची, छातीपासून मानेवर वाफ चढल्यासारखं व्हायचं, गाऊन भिजायचा. पुन्हा झोप नाही. सकाळी लेकाच्या डब्यावरून, गॅसवरच्या दुधावरून, कशावरूनही आवाज चढायचा आणि दुपारी त्याचंच वाईट वाटून रडू यायचं. सासूबाई म्हणायच्या, "पाळी जायची वेळ आली की असंच असतंय. आम्ही काय दवाखान्यात गेलो नव्हतो." मलाही ते पटलं होतं, म्हणून मी वर्ष घालवलं. तुम्ही घालवू नका, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

पाळी कायमची थांबायच्या आधीच्या या काही वर्षांना डॉक्टर पेरिमेनोपॉज म्हणतात. सलग १२ महिने पाळी आली नाही की मग रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी होते, म्हणजे त्याआधीची ओढाताण चाळिशीच्या सुरुवातीलाही चालू होऊ शकते. या काळात इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन हळूहळू उतरत जात नाही, ते कधी खूप वर जातं, कधी एकदम खाली येतं. झोप, मनाची अवस्था आणि अंगाची उष्णता सांभाळणारा मेंदूचा भाग या चढउतारानं ढवळून निघतो. त्यामुळे चिडचिड, धडधड, विसरणं, कारण नसताना भीती वाटणं हा तुमच्या स्वभावातला दोष नाही. ज्यांना आधी कधी नैराश्य आलं होतं, बाळंतपणानंतर मन खचलं होतं, किंवा पाळीआधी दर महिन्याला फार त्रास व्हायचा, त्यांना या वर्षांत मनाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं. चाळिशीच्या आतच पाळी अशी बिघडली असेल, तर त्याचा तपास वेगळा असतो, त्यात अजिबात उशीर करू नका.

मी आधी दोन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी दोन मिनिटांत "टेन्शन घेऊ नका" ऐकलं आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन आले. दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफीत छोटी गाठ दिसली आणि लगेच, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, कटकटच नको." सोबत पाळी थांबवायची गोळी आणि रक्तस्राव कमी करायची गोळी लिहून दिली. मला एकही जुनी गोष्ट विचारली नाही. मीही सांगितली नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, सहा महिने रक्त पातळ करायची औषधं चालू होती. जिला अशी गुठळी होऊन गेली आहे तिला त्या दोन्ही गोळ्यांनी धोका होऊ शकतो, हे मला नंतर कळलं. मेडिकलवाल्यानंही मुकाट्यानं पुडी बांधून दिली होती.

पट्टीच्या त्या दिवसानंतर मी एक गोष्ट ठरवली. शेतकऱ्याचा माल मी अंदाजानं लिहीत नाही, तर माझ्या अंगाचा हिशेब तरी अंदाजानं का सांगायचा? शंभर पानी वही घेतली आणि सहा आठवडे रोज रात्री पाच ओळी लिहिल्या. पाळी आहे की नाही, असेल तर किती पॅड बदलले, रक्ताच्या गाठी पडल्या का आणि केवढ्या. झोप किती तास, जाग कितीदा. वाफा किती आल्या. मन कसं होतं, शून्य ते पाच. आणि आज कोणतं काम त्यामुळे अडलं. ही शेवटची ओळ सगळ्यांत उपयोगी पडली. "चिडचिड होते" म्हटलं की समोरचा मान हलवतो. "महिन्यात चार पट्ट्या चुकल्या, आणि गेल्या चौदा दिवसांतले दहा दिवस कशातच मन लागलं नाही" म्हटलं की पेन उचलतो. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल. मला कागद बरा वाटतो, तो टेबलावर उघडून ठेवता येतो.

जायच्या आदल्या रात्री सहा आठवड्यांचं एक पान केलं. माझं पान असं होतं:

वय ४६. शेवटची पाळी ३ एप्रिल, नऊ दिवस. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी. झोप चार-साडेचार तास. रात्री दोन-तीनदा घामानं जाग. मन बहुतेक दिवस एक किंवा दोन. चढण चढताना धाप. २००८ साली बाळंतपणानंतर पायात गुठळी. सध्या चालू: कॅल्शियम, पाळी थांबवायची गोळी पाच दिवस घेऊन सोडली. आईला साखर, मावशीला थायरॉइड. मला काय हवं: झोप, आणि डोकं पहिल्यासारखं.

खाली एक ओळ मी लिहून खोडली होती, मग पुन्हा लिहिली: कधी कधी वाटतं झोपावं आणि उठूच नये. ती ओळ लिहायला मला दोन दिवस लागले. तुमच्याही मनात तसं येत असेल तर ती ओळ पानाच्या तळाशी ठेवू नका, पहिली सांगा. आणि तसं वाटत असताना अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. घरातल्या एकाला सांगा, एकटं राहू नका. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःला काही करून घ्यायचा विचार पक्का होत असेल, तर सोबत कुणाला घेऊन सरळ मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा.

कुठे जायचं हा पुढचा प्रश्न. सुरुवात ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांपासून किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून केली तरी चालते, रक्ताच्या तपासण्या तिथूनही होतात. पाळीचा त्रास ठळक असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. आम्हा सांगलीकरांना मिरज जवळ आहे. तिथे मिशनरी डॉक्टर वॅनलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल उभारलं, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कर्नाटकातूनही माणसं उपचाराला येतात. सरकारी दवाखान्यात जायचं तर सकाळी लवकर केसपेपर काढा, आणि त्याच दिवशी स्त्रीरोग आणि मानसोपचार अशा दोन्ही ओपीडी आहेत का ते खिडकीवरच विचारून घ्या, एक खेप वाचते.

आमचे हे सोबत आले होते. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असेल, पण संबंधाच्या वेळची कोरड आणि दुखणं, लघवीची जळजळ, मनातले विचार हे नवऱ्यासमोर माझ्या तोंडातून निघालं नसतं. नंतर त्यांना आत बोलावलं आणि औषधं कशी घ्यायची ते डॉक्टरांनी दोघांना मिळून सांगितलं. हा क्रम मला चांगला वाटतो.

त्या मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी वही हातात घेतली आणि खरंच वाचली. गुठळीच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे आधी कुणाला सांगितलं होतं?" त्या दोन्ही गोळ्या पुन्हा घेऊ नका, असं त्यांनी तिथेच सांगितलं. मग तपासण्या लिहिल्या, आणि प्रत्येक कशासाठी ते मी विचारून घेतलं. हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा, कारण रक्त कमी असलं तरी धाप, धडधड आणि थकवा येतो. थायरॉइड, कारण त्याची लक्षणं हुबेहूब अशीच असतात. साखर आणि बी १२. गरोदरपणाची तपासणीसुद्धा, कारण पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस राहत नाहीत असं नाही. पंचेचाळिशीनंतर इतकं अंगावर जात असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासतात, तोही घेतला. दुखलं, पण पाच मिनिटांत झालं. गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणीही त्याच वेळी झाली. लॅबमध्ये हार्मोनचं महागडं पॅकेज विकायला ठेवलेलं असतं, त्याबद्दल विचारलं तर मॅडम म्हणाल्या, पंचेचाळिशीनंतर निदानाला त्याची गरज नसते. हे आकडे रोज बदलतात, आज काढलेला उद्या खोटा.

माझं हिमोग्लोबिन ८.६ निघालं. थायरॉइड ठीक, तुकडा साधा. म्हणजे वर्षभर ज्याला मी "माझा आळस" म्हणत होते त्यातला बराच भाग लोहाच्या कमतरतेचा होता. सलाइनमधून लोह दिलं, मग गोळ्या. त्या चहासोबत घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. मी लिंबाच्या सरबतासोबत घ्यायचे.

हार्मोनच्या उपचाराबद्दल लोकांच्या मनात एक तर भीती असते, नाहीतर भाबडी आशा. वाफा आणि रात्रीच्या घामावर तो सगळ्यांत गुणकारी उपचार आहे, आणि साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केला तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच. पण स्तनाचा कर्करोग, गुठळी, पक्षाघात, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी होते. माझ्या गुठळीमुळे मॅडमनी दुसरी वाट धरली. रक्तस्रावासाठी हार्मोन असलेली तांबी बसवली, ती पिशवीतच काम करते आणि पाच वर्षं चालते. पहिले तीन-चार महिने थोडं थोडं डाग लागणं चालूच होतं. ते आधी सांगितलं होतं म्हणून मी घाबरून काढून घेतली नाही. कोरडेपणासाठी नुसती आतून लावायची क्रीमही मिळते, ती मागायला लाजू नका.

"पिशवी काढून टाका" हे मात्र ऐकल्या ऐकल्या मान्य करू नका. ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये बीडच्या बातम्यांतून सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. ऑपरेशन कधी कधी खरंच लागतं. पण चिडचिडीवर, झोपेवर ते औषध नाही. त्यात अंडाशयही काढले तर पाळी जायचा सगळा त्रास एका रात्रीत अंगावर येतो. काय आजार आहे, दुसरे उपाय कोणते, अंडाशय ठेवणार का, हे तीन प्रश्न विचारा आणि रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

मनाच्या डॉक्टरांकडे मला मॅडमनीच पाठवलं. तिथल्या बाकावर मी पदर कपाळापर्यंत ओढून बसले होते, यार्डातलं कुणी बघेल म्हणून. पण आत जे झालं ते साधं बोलणं होतं. नैराश्याची एक गोळी सुरू झाली, जिनं वाफाही कमी होतात, आणि दर पंधरा दिवसांनी समुपदेशन. पहिला आठवडा मळमळलं. फरक जाणवायला जवळपास चार आठवडे गेले. झोपेची गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नका, तिची सवय लागते. आणि बरं वाटायला लागलं म्हणून नैराश्याची गोळी एकदम सोडू नका. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झालं. मी सलग सहा तास झोपते. वही अजून चालू आहे.

एका रात्री जेवणं झाल्यावर मी जावेला त्या वहीतलं शेवटचं पान वाचून दाखवत होते. कधी ताबडतोब दाखवायचं याची यादी मी तिथे उतरवली होती: दर तासाला पॅड भिजत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, छातीत दुखत असेल, एका पायाला अचानक सूज आली असेल, आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं तरी. सासूबाई पलीकडे लसूण सोलत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "ते शेवटचं परत वाच." त्यांची पाळी जाऊन एकोणीस वर्षं झालेली. दोन महिन्यांपासून त्यांना डाग लागत होता आणि त्या जुनी लुगडी फाडून घड्या वापरत होत्या. तिसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. पिशवीत पॉलिप, म्हणजे छोटी मांसल वाढ, होता, तो काढला, तपासणीत साधा निघाला. परत येताना रिक्षात मी विचारलं, मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "तू तरी कुठं विचारलंस गं."