डेंटवाली गाडी घ्यावी का?

कोपरखैरण्याच्या सोसायटीत ती एमएच-४३ पासिंगची वॅगनआर पाहिली आणि बायको कानात म्हणाली, "अहो, ठोकलेली आहे." डाव्या मागच्या दाराला वीतभर डेंट, बंपरला पिवळे ओरखडे. बाजूच्या पिवळ्या खांबावरही गाडीचाच रंग लागला होता. म्हणजे मार पार्किंगच्या खांबाचा, आणि लपवलेला नाही. मला हायसं वाटलं. आदल्या रविवारी घोडबंदर रोडला बघितलेली गाडी चकाचक होती, पण बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पान्याने सोललेले. म्हणजे बॉनेट कधीतरी उतरवलं होतं, आणि मालक म्हणे, "पेट्रोल भरण्यापलीकडे हात लावला नाही."

गाडी दिवसा, उन्हात बघा. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या हव्यात. दाराचं रबर ओढून आतलं पत्र्याचं वेल्डिंग बघा. कंपनीचे ठिपके एका अंतरावर, सारखे असतात. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा पत्राही बघा, मागून बसलेला मार तिथे सुरकुत्यांत दिसतो. दारांमधले पत्र्याचे खांब, चासी (गाडीचा सांगाडा), स्टेपनीचा खड्डा सरळ नसतील तर गाडी फुकट दिली तरी नको.

फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली डेंट बुजवायला भरलेली पुट्टी. (बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे चिकटलं नाही म्हणून दचकू नका. मी दचकलो होतो.)

मग डेंटकडे. नखाने चाचपा. रंग शाबूत असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पत्रा उघडा पडला असेल तर आपल्या खाडीच्या हवेत एका पावसाळ्यात गंज धरतो, दाराच्या खालच्या कडेला तर आधी.

किमतीचं बोलण्याआधी फोटो ओळखीच्या डेंटरला पाठवा. माझ्याने दार आणि बंपर मिळून ८ हजार सांगितले. मी १५ कमी मागितले, ११ सुटले. विम्यातून काढू, हा हिशेब करू नका: जुना मार नव्या मालकाच्या क्लेममध्ये बसत नाही, आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही. विमा नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा.

बंपर रंगवून घेतला. दार तसंच ठेवलंय. कोपरीतल्या आमच्या गल्लीत रात्री गाडी लावतो, शेजारी नवा डेंट पडेल तेव्हा दोन्ही एकदमच काढीन.