हेल्थ सायन्सची ऑनर्स डिग्री घ्यायचीय? फॉर्म भरायच्या आधी हे बघून घ्या

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला नीटला मार्क कमी पडले आणि नाशिकच्या कॉलेज रोडला कुणीतरी तिच्या हातात एक चकचकीत माहितीपत्रक दिलं, अप्लाइड हेल्थ सायन्सेस, ऑनर्स, चार वर्षं. मावशी खूश, म्हणे ऑनर्स म्हणजे डॉक्टरसारखंच असेल ना काहीतरी. नाही हो मावशी.

ऑनर्स म्हणजे मुख्यतः चौथं वर्ष. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात तीन वर्षं 120 क्रेडिट केले की साधी डिग्री, चार वर्षं 160 केले की ऑनर्स. रिसर्चवाली ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात, म्हणजे पहिलं वर्ष टाइमपास करून चालत नाही.

आता सिलॅबस मागून घ्या आणि प्रॅक्टिकल किती ते मोजा. थिअरीचा एक क्रेडिट 15 तासांचा, प्रॅक्टिकलचा 30 तासांचा. सगळी थिअरीच दिसली तर ती डिग्री वाईट नाही, पब्लिक हेल्थ किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंटकडे जायला चालते, पण तिच्यावर लॅबमध्ये किंवा एक्सरे मशीनवर उभं राहता येईल असं धरून चालू नका.

सगळ्यात महत्त्वाचं रजिस्ट्रेशन, म्हणजे त्या व्यवसायात काम करायची अधिकृत नोंदणी. 2021 मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला, त्यात हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला कमीत कमी 3600 तासांचं शिक्षण लागतं, अलाइडला, म्हणजे टेक्निशियन वगैरेंना, 2000. मग कॉलेजला विचारायचं की या कायद्याच्या यादीतल्या नक्की कुठल्या व्यवसायात हा कोर्स बसतो, आणि उत्तर लेखी घ्यायचं. आम्ही एका ठिकाणी विचारलं तर मॅडम हो हो सगळं होतं म्हणाल्या, ईमेल करा म्हटलं तर आजपर्यंत आला नाही. तिथे नाही घेतलं.

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच अँड हिअरिंग डोक्यात असेल तर तो रस्ताच वेगळा, नीटच्या स्कोअरवर सीईटी सेलचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाचे, राउंड. आणि कॉलेज सांगेल आम्ही आरोग्य विद्यापीठाला जोडलेलो आहोत, तर ते विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला दिंडोरी रोडवर आहे, 1998 पासून, खात्री करायला मुंबईला जायची गरज नाही. व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेयरची कागदं निकालाच्या आधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर काय रांग असते ते माहितीच आहे.

आता चौथं वर्ष, इथेच बहुतेक जण अडकतात. रिसर्चवाली ऑनर्स करत असाल तर प्रोजेक्टचा विषय छोटा ठेवा. सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांचं आरोग्य हा विषय नाही, ते एक डिपार्टमेंट दहा वर्षं करेल. अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करणाऱ्यांना कमी ऐकू येतं का, हा विषय आहे, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करा, शेजारच्या ऑफिसमधल्या त्याच वयाच्या लोकांशी तुलना करा. कंपनीची परवानगी मात्र आधी घ्या, नंतर नाही म्हणाले की पूर्ण सेमिस्टर गेलं.

माणसांकडून माहिती घ्यायची म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि ती आठवड्यात मिळत नाही, दुरुस्त्या सांगतात, परत मीटिंगची वाट बघा. म्हणून अर्ज सहाव्या सेमिस्टरलाच तयार ठेवायचा. माझ्या बहिणीला पुढे दिंडोरी निफाडकडच्या द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांच्या हातांची खाज, चट्टे असं काहीतरी करायचंय, तर तिला म्हटलं मंजुरी सप्टेंबरपर्यंत हातात पाहिजे, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या जोरात असतात, मे महिन्यात गेलीस तर काय बघणार. बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या माहितीचं संख्याशास्त्र, कंटाळवाणं वाटतं तरी पहिल्यापासून नीट करा, नाहीतर शेवटी डेटा एक्सेलमध्ये पडून राहतो आणि आपण कुणातरी सीनियरच्या मागे फिरतो.

आणि संमतीपत्र मराठीतच करा, सोप्या मराठीत. बागेत इंग्रजी कागद पुढे करून सही मागितली की लोकांना ते कर्जाचं प्रकरण वाटतं, कुणी सही करत नाही.