भागीदार विमान कंपनीकडे गोल्ड दर्जा कसा दाखवाल?

लुफ्थान्साचं सेनेटर कार्ड (नेहमी प्रवास करणाऱ्यांना मिळणारं वरच्या दर्जाचं सदस्य कार्ड) असेल, तर एअर इंडियाच्या गोवा–दिल्ली–फ्रँकफर्ट प्रवासातही स्टार गोल्डच्या, म्हणजे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या वरच्या दर्जाच्या, सवलती मिळतात. मात्र तुमचा दर्जा तिकिटाच्या नोंदीत दिसायला हवा. तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

दुसऱ्या संकेतस्थळावरून किंवा एजंटकडून तिकीट काढलं असेल, तर विमान चालवणाऱ्या कंपनीचा पीएनआर (बुकिंगचा क्रमांक) वेगळा असू शकतो. तो मागून घ्या आणि त्यातच सदस्य क्रमांक भरा. कंपनीच्या यादीतून लुफ्थान्साचा सदस्यत्व कार्यक्रम (माइल्स अँड मोर) निवडा. नाहीतर क्रमांक नाकारला जातो. कार्डावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जुळायला हवं. आद्याक्षर विरुद्ध पूर्ण नाव, हा नेहमीचा घोळ.

चेक-इननंतर बोर्डिंग पासवर 'स्टार गोल्ड' छापलंय का, ते बघा. नसेल तर काउंटरवरच पास पुन्हा छापून घ्या. लाउंजच्या दारात वाद घालून काही होत नाही. मुदतीची तारीख दिसणारं डिजिटल कार्ड फोनमध्ये उतरवून ठेवा.

एअर इंडिया एक्सप्रेस स्टार अलायन्समध्ये नाही, तिथे हे कार्ड चालत नाही. आणि हो, तिकिटावर गोव्याचं दाबोळी विमानतळ आहे की मोपा, तेही पाहून निघा.