निराधारचा अर्ज भरताय? आधी बँकेत जा

गेल्या वेळी आत्याचा संजय गांधी निराधारचा, म्हणजे विधवा वगैरे निराधारांना सरकार महिन्याला पैसे देतं त्या योजनेचा, अर्ज मी भरला. कागद चोख होते, मंजुरीही आली. पुढचे चार महिने आत्या बँकेत जाऊन पासबुक भरून आणायची आणि त्यात एक ओळ वाढलेली नसायची. पैसे येत होते, पण भलत्याच खात्यात. आता शेजारच्या काकूंचा अर्ज भरायचाय, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधार, रेशनकार्ड, फोटो हे सांगायला नको. काका गेल्याचा मृत्यू दाखला लागेल, त्याच्या चार झेरॉक्स आधीच काढा. वयाचा पुरावा आणि राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखलाही हवा. ६५ ओलांडली असतील तर श्रावणबाळ योजना बघायची. काकू ६१ च्या आहेत.

उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, तो आधी टाका. मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. आजच्या तेल-डाळीच्या भावात एवढ्यात अख्खं घर कसं चालवायचं, हे मर्यादा ठरवणाऱ्यानंच येऊन दाखवावं. आणि मिळणार किती? महिना १,५००. २०२३ पर्यंत तर हजारच होते. असो. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं नाव असेल तर तिथंच अडकाल.

आता बँक. हे नीट वाचा, कारण माझी माती इथंच झाली. अर्जावर आपण जे खातं लिहितो त्यातच पैसे येतात, असं मी धरून चाललो होतो. आता अनुदान डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, आधार नंबरावर येतं आणि आधार ज्या खात्याला शेवटचं सीड झालंय, म्हणजे अनुदानासाठी जोडलं गेलंय, तिथं जातं. आत्याचं आधार सीड होतं जनधनच्या एका जुन्या खात्याला. गावात शिबिर लागलं होतं तेव्हा उघडलेलं. पासबुक कुठंय विचारलं तर म्हणाली, 'असलं कायतरी होतं बघ.' ते शेवटी ट्रंकेत साड्यांच्या खाली अंथरलेल्या पेपराखाली सापडलं.

बँकेत 'आधार लिंक आहे का' असं विचारू नका. मी तेच विचारलं होतं. काउंटरवरचे म्हणाले, 'हो, आहे', आणि ते खोटंही नव्हतं. केवायसीसाठी लिंक असणं वेगळं, डीबीटीसाठी सीडिंग वेगळं. विचारायचं असं: 'डीबीटीसाठी एनपीसीआयला याच खात्याचं मॅपिंग आहे ना?' (एनपीसीआय म्हणजे कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे याची नोंद ठेवणारी संस्था.) नसेल तर संमतीचा फॉर्म भरून द्या, पोच घ्या, आणि आठवड्याभरानं स्वतः तपासा. बँकेच्या 'झालं'वर विसंबू नका. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, बँकेचं नाव येतं. नाव आपल्या बँकेचंच हवं.

ते बघायला ओटीपी लागतो. आत्याच्या आधारला मामांचा नंबर होता. मामा जाऊन तीन वर्षं झाली, सिम कधीच बंद. म्हणून काकूंचा मोबाइल आधारला जोडलेला आहे का, ते सगळ्यात आधी बघा. नसेल तर काकूंना घेऊन आधार केंद्रात जा. भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेत नाही, त्यामुळे अख्खी सकाळ मोकळी ठेवा. डबा न्या.

मग अर्ज. सेतूत भरा, पोचपावतीचा फोटो काढा. तलाठी चौकशीला येतील तेव्हा काकू घरी हव्यात. पुढे अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक, ती कधी होईल ते विचारत राहायचं. मंजुरी झाली की दरवर्षी हयातीचा दाखला, तो चुकला की अनुदान थांबतं.

आणि मधल्या काळात काकूंनी बचत गटासाठी नाहीतर कुणाच्या सांगण्यावरून नवीन खातं उघडलं, तर त्या फॉर्मवर सीडिंगच्या संमतीची खूण आहे का बघा. असेल तर पैसे तिकडे वळलेच म्हणून समजा. मंजुरीचा मेसेज आला त्याच दिवशी स्टेटस पुन्हा एकदा उघडून बघायचं.