मिरगाआधीची आगोट: आगरातले पक्षी आणि पतंग टिपण्यासाठी

मे संपत आला की तळकोकणात लाकडं पडवीत जातात, कौलं परतली जातात, आगोटीचं सामान डब्यांत भरलं जातं. ज्यांना आपल्या आगरातले, म्हणजे घराभोवतीच्या माड-पोफळीच्या बागेतले, पक्षी आणि पतंग नोंदवायचे आहेत, त्यांनी आपलीही आगोट याच दिवसांत भरून ठेवावी, कारण मिरगानंतरचे चार-सहा आठवडे फार भरगच्च असतात. नवरंग आणि तिबोटी खंड्या याच सुमाराला विणीसाठी येतात. पहिल्या सरींनी पालवी फुटते, पालवीवर अळ्या येतात आणि त्या अळ्यांवर दयाळ, शिंपी, नाचण यांची पिल्लं पोसली जातात. पावशा आणि चातक तर इतर पक्षी टाळतात ते केसाळ सुरवंटही खातात. म्हणून माझा आग्रह असा की पक्ष्यांची एक वही आणि पतंगांची दुसरी असं करू नये. वही एकच ठेवावी. जूनमध्ये पावशा ओरडत होता आणि त्याच आठवड्यात ऐनाच्या झाडावर सुरवंट होते, हे एका पानावर आलं तर आगर कसं चालतं ते कळायला लागतं.

पहिलं काम झाडांचं. एका मोठ्या कागदावर आगराचा नकाशा हाताने काढावा: घर, खळं, विहीर, गडगा, पाणंद, माड-पोफळी, आणि प्रत्येक मोठं झाड. मग त्यावर झाडांची नावं लिहावीत. रोपवाटिकेतली नावं आठवेनात तर घरातल्या आजीला किंवा काकूंना विचारावं. परसातलं कोणतं झुडूप कोणी लावलं हे त्यांना ठाऊक असतं. हा नकाशा पतंगांसाठी फार मोलाचा आहे, कारण बहुतेक अळ्या ठरावीक झाडांवरच वाढतात. कण्हेर आणि तगर असेल तर डॅफ्निस नेरी हा हिरव्या नक्षीचा पतंग शोधावा. अनंताच्या झुडपावर सेफोनोडिस हायलस, म्हणजे पारदर्शक पंखांचा, दिवसा फुलांपुढे भिरभिरणारा पतंग. रताळ्याच्या वेलावर अ‍ॅग्रिअस कॉन्व्हॉल्व्हुली, गुळवेलीवर फळांतला रस शोषणाऱ्या युडोसिमा पतंगांच्या अळ्या, उंबरावर असोटा, ऐनावर टसरचा पतंग, दालचिनीवर अ‍ॅटलास. तिळाचा वाफा असेल तर पाठीवर कवटीसारखी खूण असलेला अकेरॉन्शिया. पक्ष्यांसाठीही तोच नकाशा चालतो: उंबर-वड पिकले की हरियल, कुटुर्गा आणि नशीब असेल तर धनेश, जास्वंदीवर आणि शेवग्याच्या फुलांवर शिंजीर.

वही जाड पुठ्ठ्याची असावी आणि लिहायला पेन्सिल. पावसाच्या दमट हवेत शाई पसरते. प्रत्येक नोंदीत तारीख, सुरू केल्याची वेळ, किती मिनिटं पाहिलं, कुठे उभे होतो, पाऊस-वारा-ढग आणि पाहणारे किती, एवढं आलंच पाहिजे. जे दिसलं त्याचं नाव हा नोंदीचा अर्धाच भाग. पंधरा मिनिटांत तीन साळुंक्या आणि दोन तासांत तीन साळुंक्या यांचा अर्थ एक नाही. एका कोपऱ्यात पर्जन्यमापक ठेवावा आणि रोज सकाळी एकाच वेळेला मोजावा. आणखी एक रकाना बहुतेक लोक विसरतात तो फवारणीचा. आंब्यावर तुडतुड्यांसाठी, काजूवर ढेकण्यासाठी औषध मारलं, गवत जाळलं, भाजावळ केली, तर त्याची तारीख लिहावी. शेजारच्या बागेत झालं असेल तरीही. पुढे एखाद्या महिन्यात पतंग कमी दिसले तर कारण शोधायला हा रकाना लागतो, आणि तो नंतर आठवून भरता येत नाही.

दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली, पुरे. महागडी नसली तरी चालेल, पण पावसाळ्यात तिला हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच, नाहीतर भिंगांवर बुरशी चढते.

पक्ष्यांच्या मोजणीसाठी पडवीतली किंवा खळ्यातली एकच जागा ठरवावी आणि सकाळी उजाडल्यानंतरच्या पहिल्या तासात पंधरा मिनिटं तिथे बसावं. या पंधरा मिनिटांत जे ओळखलं ते सगळं लिहायचं. कावळा आणि साळुंकी रोजचीच म्हणून गाळायची नाहीत. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर, याला पूर्ण यादी म्हणतात. यादी पूर्ण असेल तरच एखादा पक्षी तिच्यात नाही यालाही अर्थ राहतो. संख्या लिहिताना एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले ते धरावं, नाहीतर एकच शिंजीर दहा फेऱ्या मारून दहा शिंजीर होतो. रोज जमत नसेल तर आठवड्यातले दोन वार ठरवावेत. मनात येईल तेव्हा वीस नोंदी करण्यापेक्षा ठरलेल्या वारी केलेल्या आठ नोंदी जास्त कामाच्या.

आवाजासाठी फोन पुरतो. मर्लिनसारखं अ‍ॅप आवाज ऐकून नाव सुचवतं, पण ते सुचवणंच आहे असं धरून चालावं. कोकणात हरेवा आणि पल्लवपुच्छ कोतवाल दोघेही इतरांच्या नकला करतात, त्यामुळे पडद्यावर आलेलं नाव डोळ्यांनी पक्कं होईपर्यंत वहीत प्रश्नचिन्हासह राहू द्यावं. आणि विणीच्या दिवसांत पक्षी जवळ यावा म्हणून त्याची ध्वनिमुद्रित हाक वाजवू नये. प्रतिस्पर्धी आला असं समजून नर घरट्याचं काम टाकून धावत येतो, आणि त्या वेळेची भरपाई आपण करू शकत नाही.

आता पतंगांचा पडदा, म्हणजे रात्री दिव्यापुढे ताणलेलं पांढरं कापड, ज्यावर पतंग येऊन बसतात. याला सगळ्यात जास्त तयारी लागते आणि आनंदही याच कामात सगळ्यात जास्त आहे. भारतात पक्ष्यांच्या १,३०० हून अधिक जाती आहेत. पतंगांच्या १०,००० च्या वर. म्हणजे साध्या आगरातल्या एका चांगल्या रात्री पडद्यावर इतक्या जाती बसतात की तेवढे पक्षी अख्ख्या महिन्यात त्या आगरात दिसत नाहीत. पांढरी सुती चादर किंवा जुनं धोतर घ्यावं, साधारण सहा फूट लांब. दोन पोफळींमध्ये किंवा रोवलेल्या बांबूंमध्ये सुंभ बांधून ते ताणावं, खालची कड जमिनीवर फूटभर पसरावी, कारण बरेच पतंग उतरून खालीच बसतात. जागा अशी निवडावी की पडद्याचं तोंड आगर आणि रान यांच्या कडेकडे असेल, रस्त्याचा दिवा दिसणार नाही आणि वारा अडलेला असेल. दिवा अतिनील किरण देणारा हवा. घरातल्या साध्या एलईडीवर फारच थोडे येतात. १६० वॅटचा ब्लेंडेड मर्क्युरी दिवा चालतो, पण तो खूप तापतो आणि पावसाचा थेंब पडला तर काच तडकते, म्हणून त्यावर पत्र्याची टोपी हवी. अतिनील एलईडीचा दिवा पॉवर बँकेवरही चालतो आणि लाईट गेली तरी काम थांबत नाही. फक्त त्याकडे टक लावून पाहू नये, संरक्षक चष्मा घालावा.

रात्र निवडताना पंचांग बघावं. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र उत्तम. पौर्णिमेला कष्ट वाया जातात. पतंगांना दिव्याची ओढ असते असं आपण म्हणत आलो, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं की उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे वळवतात. मोकळ्या आभाळाखाली त्यामुळे त्यांचा तोल नीट राहतो, दिव्यापाशी मात्र ते त्याच्याभोवती घिरट्यांत अडकतात. म्हणजे आपण त्यांना अडकवतो आहोत, हे विसरू नये. अ‍ॅटलास आणि चंद्रपतंग यांना प्रौढपणी खाण्यासाठी चालतं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या शक्तीवर त्यांना मोजके दिवस मिळतात आणि त्यात जोडीदार शोधून अंडी घालायची असतात. म्हणून पंधरवड्यातून एकच रात्र, तीही दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत, एवढंच करावं. मे-जूनमध्ये आपल्या झाडांवर काजवे चमकत असतील तर त्या बाजूला दिवा लावूच नये. त्यांचा सगळा संवाद उजेडाचा असतो. दिवा बंद केल्यावर चादर हलकेच झुडपांवर झटकावी. रात्रभर तशीच टांगून ठेवली तर पहाटे कोतवाल आणि दयाळ येऊन पडदा साफ करतात. ते एकदा शिकले की रोज येतात, आणि मग आपली पक्ष्यांची यादीही खरी राहत नाही.

दिव्याकडे न येणारे पतंगही आहेत. त्यांच्यासाठी पिकून आंबायला लागलेलं केळं गुळात कुस्करून ते संध्याकाळी झाडाच्या खोडावर फासावं. युडोसिमा आणि पंखांवर मोठे डोळे असलेला एरेबस अशा ठिकाणी हमखास तपासावेत.

फोटोसाठी मोबाईलवर लावायचं मॅक्रो भिंग आणि मिलिमीटरची पट्टी पुरते. प्रत्येक पतंगाचा एक फोटो वरून, एक बाजूने, आणि एक पट्टीसह घ्यावा. पंख सपाट पसरलेत, कौलासारखे उतरते आहेत की पाठीवर मिटलेत, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) धाग्यासारख्या आहेत की पिसासारख्या, हे फोटोत यायला हवं. ओळख पुष्कळदा यावरूनच ठरते. बहुतेक पतंगांना मराठीत रूढ नाव नाही, तेव्हा शास्त्रीय नाव देवनागरीत लिहावं आणि घरात कोणी काही म्हणत असेल तर तेही शेजारी टिपावं. ओळख पटली नाही तर फक्त कुळापर्यंत लिहून थांबावं. मोठ्या अचूकतेने लिहिलेल्या चुकीच्या नावापेक्षा ‘जिओमेट्रिडी, जात नक्की नाही’ ही नोंद कितीतरी प्रामाणिक आहे. मारून टाचणीला लावायची गरज नाही. फोटो आणि जिवंत सोडलेला पतंग, एवढं घरच्या नोंदीला पुरतं. सुरवंटाला मात्र उघड्या हाताने कधीच स्पर्श करू नये, विशेषतः केसाळ आणि हिरव्या काटेरी अळ्यांना.

रात्री आगरात उतरायचं म्हणजे गुडघ्यापर्यंत गमबूट आणि हातात चांगली विजेरी. फुरसं आणि मण्यार दोन्ही आपल्याकडे आहेत आणि पडद्याखाली बेडूक जमले की साप येतोच. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, खुंटीला टांगायचा, आणि जोडणीत आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा खटका, असलाच पाहिजे. शेजारच्या काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं. मध्यरात्री बागेत निळा उजेड दिसला तर कोणीही काठी घेऊन येईल. खरं तर त्यांनाच बोलवावं. दहा मिनिटं पडद्यापुढे उभं राहिलेला माणूस पुढच्या वेळी स्वतःहून ‘आज लावणार काय?’ म्हणून विचारतो.

एक पुठ्ठ्याचं खोकं, वर भोकं पाडून, तयार ठेवावं. नवरंग आणि तिबोटी खंड्या रात्री प्रवास करतात, आणि मे-जूनमध्ये उजेडाला चकून घरांच्या काचांवर आणि भिंतींवर आपटतात. असा पक्षी सापडला तर खोक्यात मऊ कापडावर ठेवून अंधाऱ्या शांत कोपऱ्यात तासभर राहू द्यावा. चोचीत पाणी ओतू नये. शुद्धीवर आला की दिवसा झाडीजवळ सोडावा. पंख तुटला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. ही नोंदही वहीत येऊ द्यावी, वेळेसकट आणि कोणत्या काचेवर आपटला त्यासकट. त्या खिडकीला बाहेरून जाळी लावली की काम झालं.

वहीतलं सगळं महिन्याच्या पहिल्या रविवारी चढवावं: पक्षी ई-बर्डवर आणि पतंग आयनॅचरलिस्टवर, म्हणजे सगळ्या जीवांच्या फोटोसह नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर. आगर ही खासगी जागा आहे, तेव्हा ती ई-बर्डवर सार्वजनिक हॉटस्पॉट (सगळ्यांसाठी खुली पक्षी पाहण्याची जागा) करू नये, आणि घुबडाचं किंवा तिबोटी खंड्याचं घरटं असेल तर ठिकाण झाकून ठेवावं. छायाचित्रकारांची रांग लागली तर घरटं सोडून दिलं जातं.

राहिल्या तारखा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आत्ताच खुणा कराव्यात: जुलैचा शेवटचा पूर्ण आठवडा ‘नॅशनल मॉथ वीक’ या जगभर पाळल्या जाणाऱ्या पतंग सप्ताहाचा, पाऊस उघडला तर त्यातल्या एका रात्री पडदा लावायचा. सप्टेंबरपासून धोबी पक्ष्याची वाट पाहायची आणि पहिला दिसला तो दिवस लाल शाईने लिहायचा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रातला पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात मोजणी रोज करावी. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे, म्हणजे जगभर एकाच वेळी होणाऱ्या पक्षीगणनेचे, चार दिवस असतात. तेव्हा आंब्यावर फवारणी चालू असते, म्हणून त्याच महिन्याच्या अमावास्येला पडदाही लावावा आणि जूनच्या पानाशेजारी ते पान उघडून दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात.