उलटतपासातून शिकलेली सल्लागिरी

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वकिलीची नवी सनद घेतलेली दोन-चार पोरं-पोरी ऑफिसात येतात. बोलणं साधारण एकच असतं. "सर, मला कंपन्यांचं काम करायचंय. करारनामे, सल्ला वगैरे. कोर्ट नको." मी चहा सांगतो आणि विचारतो, तू केलेला करारनामा समोरचा वकील पिंजऱ्यात उभ्या माणसाच्या हातात देऊन ओळ न् ओळ वाचायला लावतो, ते कधी पाहिलंयस? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी.

मी कोल्हापुरात १९९२ पासून वकिली करतो. वडील शेतकरी, घरात कुणी वकील नाही. तेव्हा कोर्ट सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत भरायचं. पुढे जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला गेलं आणि ऑगस्ट २०२५ पासून त्याच जुन्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसतंय. ज्या खोल्यांत मी तारखा घेतल्या तिथे आता सहा जिल्ह्यांची अपिलं चालतात. त्या बेंचसाठी आम्ही केलेल्या आंदोलनांवर वेगळा लेख होईल, इथे नको.

सनदेच्या प्रक्रियेवर फार लिहीत नाही. नोंदणी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते, आणि ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते. माझ्या वेळी ही परीक्षा नव्हती. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खुल्या प्रवर्गाकडून नोंदणीचे ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. त्याआधी हजारो रुपये लागत, गरिबाघरच्या पोरांना ते जड जायचं. दुसरी गोष्ट, मे २०२५ च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली सक्तीची झाली. त्यामुळे नुसती तीन वर्षं मोजायला आलेली मंडळी बाररूममध्ये दिसू लागली आहेत. त्यांना मी वाईट म्हणत नाही, पण निदान ती तीन वर्षं कोर्टात काढा, क्लासच्या बाकावर नको.

सिनिअर कसा निवडायचा? नाव बघू नका, त्याचा बोर्ड, म्हणजे रोजच्या कामांची यादी, बघा. ज्याच्याकडे पुराव्याच्या टप्प्यावरची कामं रोज असतात, त्याच्याकडे जा. नुसतं मुदत अर्ज आणि पुरशिस (कोर्टाला लेखी कळवण्याची चिठ्ठी) देण्यात दिवस जातो अशा ऑफिसात पाच वर्षं काढली तरी उलटतपास दिसत नाही. पैशाचं तोंडावर विचारून घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली आहे. शिफारस आणि खिसा यांत अंतर आहे. मला पहिली दोन वर्षं माझ्या सिनिअर सरांकडून दिवाळीला पाकीट मिळायचं, बस्स. ते बरोबर होतं असं मी आज म्हणणार नाही.

सरांनी पहिले आठ महिने मला एकच काम दिलं, रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, वाचायचे. मला तो अपमान वाटला होता. सकाळी वकील बोलतात ते नाटक आणि रोजनाम्यात उतरतं ते काम, हे कळायला वेळ लागला. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) कधी आली, निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज कितीदा लांबला आणि कुणामुळे, मुद्दे काढल्यावर वादी साक्षीला किती तारखा आला नाही, हे सगळं त्या चार-चार ओळींत असतं. युक्तिवादाच्या दिवशी "प्रतिवादीने कामकाज लांबवलं" असं मोघम बोलण्यापेक्षा सात तारखा वाचून दाखवल्या तर न्यायाधीश मान वर करतात.

आता माझी एक चूक सांगतो, कारण मी जे काही शिकलो ते बरंचसं तिच्यातून.

१९९६ ची गोष्ट. एका दुकानदाराचा चेक परत आला होता. त्या काळी चेक परत आल्याचं कळल्यापासून १५ दिवसांत नोटीस द्यावी लागे. पुढे दुरुस्ती होऊन २००३ पासून ३० दिवस झाले. महिन्याच्या १४ तारखेला तो माझ्याकडे आला. "बँकेचा मेमो कधी मिळाला?" "परवाच मिळाला की, वकीलसाहेब." मी बारा तारीख धरली, निवांत नोटीस लिहिली, भाषा सजवली आणि २१ ला रजिस्टर पोस्टाने पाठवली. नववा दिवस, म्हटलं भरपूर वेळ आहे. तक्रार दाखल झाली, वर्षं गेली, साक्ष लागली. उलटतपासात आरोपीच्या वकिलांनी बँकेचं डिलिव्हरी बुक मागवलं. मेमो घेतल्याची माझ्या अशिलाची सही, खाली तारीख ३. त्यांनी एकच विचारलं, "ही सही तुमचीच ना?" तो म्हणाला, "व्हय, माझीच." नोटीस अठराव्या दिवसाची ठरली. आरोपी सुटला.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्याकडे बघत होता. सर म्हणाले, चूक तुझी आहे असं त्याला सांग. मी म्हटलं, तारीख तर त्यानेच चुकीची सांगितली. सर म्हणाले, "तो दुकानदार आहे. तारीख बघायची फी तू घेतलीस." सांगितलं. तो काही बोलला नाही, पुन्हा कधी आलाही नाही. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे. अशील तोंडाने सांगेल ती तारीख पेन्सिलीने लिहायची, कागद पाहिल्यावर पेनने. आज तक्रारीला उशीर झाला तर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीचा उशीर आजही माफ होत नाही. चेकची मुदत आता तीन महिने, नोटिशीला ३० दिवस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर तक्रारीला एक महिना. हे चार आकडे झोपेत विचारले तरी सांगता यायला हवेत.

धंदेवाल्यांची कामं माझ्याकडे कशी आली? कुणा कंपनीने नेमून नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्या, म्हणजे धातूचं ओतकाम करणारे कारखाने, आहेत. त्यांचा माल पुणे, राजकोट, फरीदाबादला जातो आणि पैसे अडकतात. वसुलीचे दावे चालवता चालवता एक मालक म्हणाला, "साहेब, भांडण झाल्यावर तुमच्याकडे येतो, त्याआधी आलो तर कमी घ्याल का?" तिथून सुरुवात झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये दशरथ रूपसिंग राठोड खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चेकची तक्रार देणाऱ्याच्या बँकेच्या गावी करावी लागेल असं ठरलं, तेव्हा आमच्या गठ्ठाभर तक्रारी परत आल्या. इचलकरंजीच्या सूतवाल्याने दहा लाखांसाठी लुधियानाला हेलपाटे घालायचे का? २०१५ ची दुरुस्ती येऊन चेक भरणाऱ्याच्या शाखेचं गाव धरलं जाईपर्यंतचे ते महिने मी विसरलेलो नाही. मालकांना 'न्यायाधिकारक्षेत्र' हा शब्द त्याच वर्षी पाठ झाला.

एक साक्ष जरा सविस्तर सांगतो. आमच्या फाउंड्रीचा बाहेरगावच्या एका कंपनीवर अकरा लाखांचा दावा. तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद म्हणून कमर्शियल कोर्टात. अशा दाव्यात तातडीचा आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं आणि कैफियतीला १२० दिवसांनंतर एक दिवसही मिळत नाही. नव्यांनी हे आधी वाचा. कंपनीची कैफियत होती की माल मिळालाच नाही, मालाच्या चलनावरची सही त्यांच्या माणसाची नाही. खरं तर ती सही त्यांच्या गेटवरच्या वॉचमनची होती आणि तो नोकरी सोडून गेला होता. मी दोन आठवडे त्या सहीवर डोकं फोडत बसलो होतो. माझी ज्युनिअर बी.कॉम. करून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला गेलेली. ती म्हणाली, "सर, सही सोडा. यांनी या बिलांचं जीएसटी क्रेडिट घेतलंय का बघू." कागद हजर करण्याचा अर्ज दिला, त्यांची रिटर्न्स आली.

साक्षीला त्यांचे अकाउंट्स मॅनेजर होते. मी सहीचं नावच काढलं नाही. कंपनी जीएसटी वेळेवर भरते का? हो. खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेते का? हो. आणि न मिळालेल्या मालाचंही घेते का? गृहस्थ दुखावले. "अजिबात नाही, ते बेकायदेशीर आहे." न्यायाधीशांनी स्टेनोला सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की, माल मिळाल्याखेरीज क्रेडिट घेता येत नाही." मी थांबलो, ओळ टाईप होऊ दिली. मग सहा बिलांचे नंबर एकेक करून दाखवले. सहाही बिलांचं क्रेडिट घेतलेलं होतं. चौथ्या बिलाला त्यांनी आपल्या वकिलांकडे पाहिलं, वकील फाईल चाळत होते.

यात माझी हुशारी थोडी आणि तिची जास्त. दावा आमच्या बाजूने लागला. मात्र पैसे लगेच मिळाले असं समजू नका. हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) हातात आल्यावर दरखास्त, म्हणजे वसुलीची वेगळी कारवाई, करावी लागते, आणि आमची दोन वर्षं चालली. पक्षकाराला हे दावा दाखल करण्याआधीच सांगायचं असतं.

त्या दिवसानंतर माझी सल्ला द्यायची पद्धत बदलली. मालक करारनामा घेऊन आला की मी मनात त्याला पिंजऱ्यात उभा करतो. ही ओळ त्याच्यासमोर धरली तर तो काय बोलेल? बहुतेक वेळा काहीच बोलू शकणार नाही, कारण ती ओळ कुठून तरी उचललेली असते. मग ती सोप्या शब्दांत लिहायची. बिलाच्या तळाशी कोणत्या गावचं कोर्ट ते असावं, आणि त्यांच्या ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात दुसरंच गाव तर नाही ना, ते पाहावं. गेटवर इनवर्डचा (माल आत आल्याचा) शिक्का तारखेसह घ्यावा, नुसती सही नको. रिजेक्शन किती दिवसांत कळवायचं ते लिहून घ्यावं, नाहीतर आठ महिन्यांनी ब्लोहोलचे (ओतकामातल्या हवेच्या पोकळ्यांचे) फोटो येतात. आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) माल पाठवण्याआधी करून ठेवावी. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा २००६ पासून आहे, उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. तरी निम्म्या लोकांची नोंदणी भांडण झाल्यावर होते.

व्हॉट्सॲपचं वेगळं सांगायला हवं. हल्ली लाखोंच्या ऑर्डरी "ओके, पाठवा" एवढ्यावर जातात. ते मेसेज पुराव्यात आणायचे तर प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या अर्जुन खोतकर निकालाने ते पक्कं केलं. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराने भरायचा, एक तज्ज्ञाने, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाईलच्या डिजिटल ठशासकट. माझ्या एका मालकाने हे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दोन महिन्यांनी फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. "नवीन मस्त हाय, साहेब." दावा उभा राहिला तो चलनांवर, कसाबसा.

सल्लागार म्हणून एक मोह येतो, त्याबद्दल मात्र कडक आहे. मालकाशी जवळीक झाली की तो म्हणतो, मीटिंगला या, माल मोजताना थांबा, तुमच्यासमोर पैसे देतो. जाऊ नका. उद्या त्याच व्यवहाराचे साक्षीदार व्हाल आणि वकीलपत्र सोडावं लागेल. पूर्ण पगारी नोकरी धरली तर वकिली थांबवावी लागते, हेही लक्षात असू द्या. महिन्याची ठरावीक फी घ्या, पण दर महिन्याला एक तरी नको असलेला सल्ला द्या. ज्या महिन्यात मी फक्त "हो" म्हटलं, त्या महिन्याचं बिल लिहिताना मलाच संकोच वाटतो.

गेल्या आठवड्यात रात्री नऊला एका मालकाचा फोन आला. गिऱ्हाईकाला पत्र पाठवायचं होतं. म्हटलं, वाचून दाखवा. बाकी ठीक होतं, दुसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं, "आमच्या मालात थोडीफार त्रुटी राहिली असल्यास दिलगीर आहोत."

"त्रुटी आहे का मालात?"

"छे ओ, एक पीस खराब नाही."

"मग हे कशाला?"

"असंच. बरं दिसतं."

"खोडा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कीबोर्डचा आवाज, आणि म्हणाले, "खोडलं. पण साहेब, गिऱ्हाईक जुनं आहे, काहीतरी गोड घालायला पाहिजे." मी म्हटलं, सुरुवातीला दिवाळीच्या शुभेच्छा घाला.